कोणी न धाडलेली पाहुणी

१२ नोव्हेंबर
आली एकदाची माही ठमाबाई! उमरखेडहून, तिच्या मायच्या माहेराहून, गाडीत झोपूनच आली. खाली उतरवली तवा डोळे उघडले अन् माह्याकडं असं पाह्यलं का जशी मीच हिच्या घरी पाहुणी आली. आमच्या गजाननची पहिली पोरगी. नाक बापाचं, रंग मायचा, अन् कपाळाची आठी पुरी माही! नाव अजून ठेवलं नाही, मी ठमाबाई म्हंते. सून म्हंते, आई, तेच नाव पडन न मंग. पडू दे.
गाव लोटलं पाह्याले. दोन गंज चहा झाला. एक हिरव्या साडीवाली बाई ओसरीतल्या बाजेवर बसली होती, बोलली नाही चालली नाही. वाटलं व्याह्याकडची असन. तिच्यापुढं कप ठेवला. तिनं हात लावला नाही. मांगून आमच्या बुढ्यानं पेला. म्हने, थंडा झाला, वाया कायले जाऊ द्यायचा.
झोपाच्या आंधी सूनबाईले इचारलं, हिरव्या साडीवाली कोन व तुमच्याकडची? प्रणाली म्हने, आमच्याकडून नुसती माय आलती आई, तेबी पिवळ्या साडीत.
मी वही काढली.
लिहायचं असं का, कंपवात झाला तवा नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, रोज चार ओळी लिहत जा आजी, हात चालू राह्यते. चौथी शिकली मी, पन लिहते. ओळीच्या सुरवातीले अक्षर ज्वारीएवढं राह्यते, शेवटाले खसखस होते.

१५ नोव्हेंबर
ते बाई आजबी होती. ठमीच्या आंघोळीच्या वक्ती. आंघोळ प्रणालीच घालते, माह्या पायावर घेऊ म्हटलं तर पाय थरथरते, तेलाचं लेकरू निसटन. मी आपली बाजूले बसून धुरीत ओवा टाकते अन् गाते. ठमी हसते गाण्याले! का धुरानं तोंड वाकडं करते, देव जाने. मी हसनंच धरते.
खरं लिहू? हिरव्या साडीवाली आज-कालची नाही. दसऱ्यापासून येते. बसते अन् जाते. उठतानी कधी दिसली नाही. मी कोणाले सांगतलं नाही. घरात भूतबित असाचं कारण नाही, घर नवं आहे, टिनाचं, आमच्या डोळ्यासमोर बांधलं, इथं कोणी मेलं नाही अजून. साडीच्या निऱ्या चांगल्या चापून. पाय धुळीचे, जसे पायी आली लांबून. ओळखीची असती तर बरं झालं असतं. माय नाही, सासू नाही, कोणीच नाही. लय आठवून पाह्यलं.
हिरव्या साडीवाली, हिरव्या साडीवाली लिहून बोटं दुखते. आता हि.सा. लिहीन.

१८ नोव्हेंबर
बाईमानसाले उठवाचं कसं? हळदकुंकू लावाचं. कुंकू लावलं का बाई पदर सावरते अन् येते व म्हंते. ल्हान पोरीलेबी कळते. मंग मी करंडा घेऊन गेली हि.सा. जवळ. म्हटलं, घे व बाई, लेकराच्या घरी जास्त बसू नये. बोट कपाळापाशी नेलं. कुंकू खाली पडलं, उशीवर.
तिकून बुढा आला. म्हने, उशीचं लगन लावून राह्यली काय व?
मी म्हटलं, तुमच्यासारखीच आहे, नुसती पडली राह्यते.
हसलो दोघंबी. पन प्रणाली दारात उभी होती, ते नाही हसली. उशीचा अभ्रा काढून घेऊन गेली.

२१ नोव्हेंबर
आज हात जास्त हालून राह्यला. तरी लिहते.
प्रणाली मोरीत होती. ठमी माह्याजवळ. दूध पिऊन टम्म, लाळेचे बुडबुडे काढून राह्यली होती. हि.सा. बाजेवर. तिनं हात पुढं केले. लेकरू पाह्याले आलेली बाई हात पुढं करते न, आन न व इकडं, तसे. नाही कसं म्हनाचं?
मी दिली.
दिली म्हणजे सोडली.
बाजेवर जाड गोधडी होती. लागलं नाही. कुठं खरचटलंबी नाही. पन रडली ठमी, श्वास कोंडून. अन् प्रणाली मोरीच्या दारात. तिनं पाह्यलं. मी हवेत हात करून लेकरू सोडलं, ते तिनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं.

२२ नोव्हेंबर
प्रणाली भांडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलते, त्याचंच भेव वाटते.
"आई, कोनाले दिली तुम्ही?"
सांगतलं सारं.
"दसऱ्यापासून? मंग सांगतलं काहून नाई?"
"तरास थोडीच देते. बसते बिचारी."
गजानन खाली मान घालून. दिवसभर लोकाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करते पोरगा, पन घरात काही बिघडलं का त्याचे हात गळते. बुढा म्हने, दोरा आनतो. प्रणाली म्हने, आना बाबा, बांधाबी, पन पहिले नांदेडले जाऊ. तिले कळते यातलं. बाळंतपणाच्या आंधी महागावात मेडिकलवर बसत होती, औषधीचं शिकली आहे.
मंग तिनं मले सांगतलं. ठमीले पाह्यजा, बोलजा, गाना म्हनजा. हातात घेऊ नका. एकटं तर बिलकुल नाई. जवरक हे जात नाई तवरक.
मी हो म्हटलं. बरोबरच बोलली ते. मी तिच्या जागी असती तर म्हातारीले माहेरी धाडलं असतं.
(माहेरी कोण आहे आता?)

२६ नोव्हेंबर
नांदेड. बुढा, प्रणाली, मी. ठमी बापाजवळ बाटलीवर, सारा रस्ता जीव तिकडंच.
डॉक्टर चांगला माणूस. इचारते, बोलते का ते बाई? भेव वाटते का? मी म्हटलं, भेव कायचं, शांत आहे, घरच्यापेक्षा बरी. हसला. म्हने, कंपवातात होते आजी असं. थोडं बिमारीनं, थोडं कंपाच्या गोळ्यानं. येड लागलं नाही तुम्हाले. ते आयकून डोळ्यात पानी आलं, उगी.
बुढा इचारते, साहेब, गोळीनं भूत उतरते काय? डॉक्टर म्हने, भूत नाही आजोबा, मेंदूतल्या एका ठिकानचं काम जास्त होऊन राह्यलं. प्रणालीनं इंग्रजीत काहीतरी इचारलं, तवा खुर्ची सरकवून तिच्याशीच बोलाले लागला.
छातीले चिमटे लावून पट्टी काढली. नवीन गोळी द्याच्या आंधी हृदय पाहा लागते म्हने. ठीक निंगालं. कंपाची संध्याकाळची गोळी अर्धी केली, अन् एक नवीन दिली. फरक पडाले महिना-दीड महिना.
महिना-दीड महिना! तवरक ठमी पालथी पडाले लागन.

२८ नोव्हेंबर
प्रणाली पाजत बसली होती, मी समोर. इचारलं, हे गोळी करते काय ते तर सांग. तिनं सांगतलं, जसं आठवते तसं लिहते.
"आई, मेंदूत बारीक बारीक कॉक आहेत समजा, नळाले असतात तसे. रिसेप्टर म्हंतात. मेंदूतलाच एक रस येऊन बसला का कॉक उघडते, अन् पुढं खबर जाते, हे दिसलं, ते दिसलं."
"मंग त्या रसाले बसू नको देऊ म्हना."
"तशा गोळ्या असतात. जागा अडवून बसतात, रसाले येऊच देत नाईत. पन हा कॉक लय वांधेवाला आहे. कोणी हात नाई लावला तरी गळते. वावरातल्या ठिबकचा जुना कॉक पाह्यला न तुम्ही, बंद केला तरी..."
"टिप टिप."
"हो. त्याच्यावर कोणी नुसतं बसून राह्यलं तर गळती थांबते काय? तुमची गोळी तिथंच बसते, पन कॉकले उलटा पिळते. उघडाच्या उलट. आपोआप जे गळते, तेबी कमी होते. इन्व्हर्स अगोनिस्ट म्हंतात तिले, उलट्या चालीची."
मी म्हटलं, मंग कंपाचा कॉक पिळला तर? ते म्हने, तो वेगळा. त्याले दाबनाऱ्या गोळ्यानंबी असं दिसनं थांबते, पन तुम्ही लाकडासारख्या आखडून जासान, म्हनून तर हे दिली, हे कंपाच्या कॉकले हात लावत नाई.
ठमी दूध सोडून माह्याकडं पाहून हसली. मले पुरं कळलं असं वाटलं.
मंग लुगडं वाळू घालतानी एकदम मनात आलं, म्हणून परत गेली.
"प्रणाली, म्हणजे हि.सा. ले कोनं धाडलं नाही?"
"कोणीच नाई आई. आपोआप आहे ते."
सटवाई असती तर हात जोडले असते. मेलेलं मानूस असतं तर घास ठेवला असता, काय पाह्यजे व तुले म्हणून इचारलं असतं. जिले कोनंच धाडलं नाही, तिच्यासाठी कोणापुढं हात जोडाचे?

९ डिसेंबर
गोळी चालू आहे. हि.सा. बी चालू आहे. आता मोरीच्या भिंतीपाशी आनखी दोघी. त्याईचे तोंड नीट दिसत नाही, कापूस येचाले चालल्यासारख्या डोक्याले बांधून आहेत.
बुढ्याले म्हटलं, गोळी नुसती बसली असन अजून, पिळाले लागली नसन. बुढा म्हने, तुले पिळता पिळता माहा जलम गेला, गोळीले जराक टाइम दे.
दोराबी बांधला हाताले, काळा. प्रणालीनंच गाठ मारली. म्हने, मन शांत राह्यते न, मंग राहू द्या.
ठमी आज पालथी पडली! एक हात खाली अडकला, लाल लाल झाली रागानं. मी इतकी ओरडली का गजानन दुकानाची चाबी टाकून पयत आला. मी समोर होती अन् हात नाही लावला. कंबरेमांगं बांधून ठेवले दोन्ही हात. बापानंच काढला तिचा हात.

१७ डिसेंबर
थंडी. तूर फुलावर आहे.
हि.सा. आज पाठमोरी. पहिल्यांदाच. माह्याकडं पाठ करून बसली, जसा राग आला तिले.

१९ डिसेंबर
आज तोंड नव्हतं.
साडी होती. बसल्याली. निऱ्या, पदर, सारं जाग्यावर, अन् आत कोणी नाही. पहिले कधी नाही भेली, आज भेली. चहा पेतानी भिंतीकडं तोंड करून बसली मी. प्रणालीनं इचारलं, दिसते काय? खरं सांगतलं. तिनं माह्या पाठीवर हात फिरवला. म्हने, कमी होऊन राह्यलं आई, चांगलं आहे.
चांगलं असं राह्यते काय?

२४ डिसेंबर
कोणी नाही. भिंतीपाशीच्याबी गेल्या. बाज मोकळी. लिहतानी तीन वेळा पाह्यलं, मोकळी.
आनंद झाला असं लिहाले बसली होती. झालाबी. पन जेवतानी वाटलं, गोळी सारंच पिळत गेली तर? आपोआप येते तेबी कमी करते म्हने. मंग माही माय? ते तर अशीच आपोआप येते, भाकर थापतानी, कोणी आवाज दिल्यावानी.
प्रणालीले इचारलं. ते म्हने, आठवनीचं असं नाई आई, हे गोळी पुरं बंद नाई करत, थोडं खाली आनते, तेबी एकाच जातीच्या कॉकचं. घाबरू नका.
तरी परीक्षा घेतली. डोळे मिटून मायले बोलावलं. हात आले, भाकर थापतानीचे, बांगड्यासकट. तोंड नाही आलं. गोळीच्या आंधी येत होतं का? आता कोणाले इचारू? मायच तर नाही सांगाले.

४ जानेवारी
ठमीचं बोरन्हान करायचं आहे संक्रातीले, पहिली संक्रात आहे पोरीची. काळं झबलं मी आनाले लावलं. हलव्याचे दागिने प्रणाली घरीच करते म्हंते. मी सांगतलं, मले शिकवू नको व, माह्या सासूनं शेरभर हलवा करवला होता माह्याकडून. साखर चुलीवर पातळ करून बसली दोन दिवस! आता हात हालते, पाकाचा थेंब कुठं पडन सांगता येत नाही, नाहीतर दाखवलं असतं. (कुठं होती मी? हो, बोरन्हान.)
लेकरू कोणाच्या मांडीवर बसवायचं, तो इषय निंगाला. आजीच्याच मांडीवर बसते, आमच्याकडं तसंच आहे.
प्रणालीनं गजाननकडं पाह्यलं.
गजानन म्हने, आई, पाटावर बसवू न, तक्के लावून.
बुढा भडकला. "पाटाले आजी आहे काय रे? तुले काय पाटानं वाढवलं?"
मी म्हटलं, उगे राहा. त्याईचं बरोबर आहे.
मंग प्रणाली म्हने, "आई, दिसते काय अजून?"
"नाई. दहा-बारा दिस झाले."
"खरं?"
"तुह्या पोरीची आण घेत नाही मी. पन खरं."
तिनं माह्याकडं लय वेळ पाह्यलं. मेडिकलवर पेशंटाकडं पाह्यत असन तसं.

१५ जानेवारी
आज हात कितीबी हालो, लिहतेच!
माह्या मांडीवर! पुरा वेळ! प्रणाली मांगं बसली होती, तिचा एक हात ठमीच्या पाठीशी, म्हणजे माह्या हातावर तिचा हात, पन मांडी माही होती न! काळ्या झबल्यात पांढरे दागिने, मुकुट डोळ्यावर घसरला तर फुंकरच मारली ठमीनं! बोरं टाकली, मुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे. पोट्टे तुटून पडले येचाले. ठमी पहिले दचकली, मंग एक मुरमुरा नाकावर येऊन बसला तर त्याच्याकडं दोन्ही डोळे वाकडे करून पाहाले लागली. मी इतकी हसली का मांडी हालली अन् सारे मुरमुरे पुन्हा उडाले.
ओसरी बायकाईनं भरली होती. सगळ्या ओळखीच्या. मोजल्या नाहीत, पन प्रत्येकीचं तोंड पाह्यलं, अन् प्रत्येकीचं तोंड होतं.
प्रणालीनं संध्याकाळी हळूच सांगतलं, आई, मी मांगून हात धरला त्याचा राग नका धरू. मी म्हटलं, राग कायचा व, तुह्या हातानंच तर माहा हात थांबला होता.

१९ जानेवारी
नांदेडच्या डॉक्टरशी प्रणाली फोनवर बोलली. गोळी चालूच ठेवाची. बंद केली तर गळती परत सुरू होऊ शकते. अन् चालू ठेवूनबी कधीमधी काही दिसलं तर घाबराचं नाही, फक्त सांगाचं. "फक्त सांगाचं," प्रणालीनं दोनदा म्हटलं.
मी म्हटलं, सांगीन.

२३ जानेवारी
प्रणाली म्हने, आई, ठमीले पाह्यजा, मी डोक्यावरून न्हाऊन येते. बस, इतकंच. टॉवेल घेतला अन् गेली. गजानन दुकानात, बुढा वावरात तूर पाह्याले. घरात मी अन् ठमी! तिले म्हनाची गरजबी नाही वाटली का हातात घेऊ नका म्हणून!
ठमी झोळीत. मी दोरी हाताले गुंडाळून बसली. हात आपोआप हालते, झोळी आपोआप हालते. या कामासाठी तर देवानं कंप दिला मले. दोन मिंटात झोपली.
म्हणून लिहाले बसली, उजव्या हातानं. चांगलं लिहायचं होतं.
दारात एक बाई उभी आहे.
हिरवी नाही. जांभळी साडी, नवीकोरी, हातात ताट झाकलेलं. तोंड आहे. हसून राह्यली. हळदकुंकवाचे दिवस आहेत, बाया येतात. शेजारच्या घरी नवी सून आली म्हंतात, मी पाह्यली नाही अजून. तेच असन. या म्हटलं. हसली नुसती. नव्या नवरीले लाज वाटते, बोलत नाही.
उठून जवळ जाऊन पाह्यलं असतं, पन दोरी सोडा लागते. दोरी नाही सोडत.
तिनं ताट खाली ठेवलं. आवाज आला का? आला असं वाटते. झोळीकडं पाहून राह्यली. लेकराकडं तर सारेच पाह्यतात.
मोरीत पानी थांबलं. आता निंगन प्रणाली. ते दाराकडं पाहून "या न, बसा" म्हनन, तर झालं, मी हसीन, चहा मांडीन. अन् काहीच न बोलता सरळ झोळीकडं आली, तर मंग मलेच सांगा लागन, का दारात बाई आहे. अन् सांगतलं का हे दोरी माह्या हातातून
मोरीची कडी वाजली.